गणपती ते दिवाळी: पहिली-तिसरीची मुलं शाळेत नक्की करतायत काय?

एका पालकांनी विचारलंय, प्रश्न थोडक्यात असा आहे की मुलगा पहिलीत, मुलगी तिसरीत, दोघं गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि गणपती उठल्यापासून शाळेत रोज कसला ना कसला 'दिवस'च चाललाय, वह्या बघाव्या तर निम्म्या कोऱ्या, दिवाळी तोंडावर आलीय, संकलितच्या, म्हणजे सत्राच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेच्या, पेपरात ही पोरं लिहिणार काय आणि ट्यूशन लावू का.

मी प्राथमिक शिक्षिका. नोकरीची सुरुवात बीड जिल्ह्यात झाली, आता पुणे जिल्ह्यात आहे, पहिली ते चौथी सगळे वर्ग घेऊन झालेत. हा प्रश्न दरवर्षी ह्याच दिवसांत कुणी ना कुणी पालक विचारतातच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वहीचं बघू. पहिली-दुसरीला १०० पैकी ७० गुण आकारिकचे आणि ३०च संकलितचे असतात, तिसरी-चौथीला ६० आणि ४०. आकारिक म्हणजे वर्गात रोज जे चालतं ते सगळं, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, वर्गकार्य, छोटी चाचणी, बाईंचं निरीक्षण. ही पद्धत २०१० पासून आहे तरी घरी अजून 'पेपर कसा गेला' हेच विचारलं जातं, कारण आपण सगळे पेपरवालेच, आपल्याला वही भरलेली दिसली की बरं वाटतं. पण सात वर्षांच्या मुलाची भरलेली वही बऱ्याचदा फळ्यावरचं उतरवून भरलेली असते. अक्षर मोत्यासारखं, आणि त्यातली एक ओळ वाच म्हटलं की बोबडी वळते. असली पोरं मी ढिगानं बघितलीत. त्यामुळे वही कोरी म्हणजे शिकवत नाहीत असं नाही, आणि भरलेली म्हणजे येतंय असंही नाही.

आता तुमचा पहिलीतला. पहिलीचे पहिले साधारण तीन महिने 'विद्याप्रवेश'मध्ये जातात, म्हणजे खेळ, गाणी, गोष्टी, मणी ओवणं, आकार ओळखणं, लहान-मोठं, आत-बाहेर, आवाज ऐकून सांगणं. हे मुद्दाम केलंय, कारण काही मुलं अंगणवाडीतून येतात, काही इंग्रजी नर्सरीतून आणि काही थेट घरातून. म्हणजे जून-जुलै-ऑगस्ट वहीत फार काही दिसणारच नाही. अक्षरांचं काम खऱ्या अर्थानं जोर धरतं ते गणपतीनंतर. त्यात परत २०२५-२६ पासून पहिलीचा अभ्यासक्रम नवीन आलाय, पुस्तकं नवीन आहेत, मोठ्या भावाबहिणीची जुनी पुस्तकं काढून तुलना करत बसू नका.

अक्षरं आम्ही क ख ग घ अशी ओळीनं घेत नाही. चार-पाच अक्षरांचा गट घ्यायचा आणि त्यातून लगेच शब्द करायचे. समजा क, म, ल, र आणि काना एवढंच झालंय, तर मका, लाल, काल, मला, कमाल हे शब्द तयार, आणि 'रमा, काम कर' हे पूर्ण वाक्य तयार. पहिल्या गटालाच मूल वाक्य वाचतं ना तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, त्याला वाटतं आपण वाचणारे झालो. घरी काय होतं, आजोबा बाराखडी घोकून घेतात, क का कि की एकदम सुरात, आणि मधल्याच 'कु'वर बोट ठेवलं की मूल परत 'क'पासून म्हणत म्हणत तिथपर्यंत येतं. बाराखडी वाईट नाही हो, पाठ करा की खुशाल, पण तिला वाचन समजू नका. ह्या दिवसांत पहिलीच्या मुलानं शिकवलेल्या अक्षरांचे दोन-तीन अक्षरी शब्द न अडता वाचले तर गाडी रुळावर आहे. निपुण भारतमध्ये, म्हणजे लहान वर्गांच्या वाचन-गणितासाठीच्या केंद्राच्या अभियानात, पहिली संपताना जे अपेक्षित आहे ते तरी काय, तर चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचणं आणि ९९ पर्यंतच्या संख्या. तेही वर्ष संपताना, दिवाळीला नाही!

दुसरीबद्दल तुम्ही विचारलं नाहीये तरी एक सांगून ठेवते कारण तिसरीतली बरीच अडचण तिथूनच येते. दुसरीत ह्या काळात जोडाक्षरं सुरू होतात आणि त्यात सगळ्यात छळतो तो र. सूर्य मध्ये डोक्यावर, प्रकाश मध्ये पोटात, ट्रक मध्ये पायाशी, सुऱ्या मध्ये अजून भलताच. मोठ्यांना सवय झालेली असते म्हणून लक्षात येत नाही, पण मुलाच्या दृष्टीनं ही चार वेगळी चित्रं आहेत आणि चारही 'र' म्हणून ओळखायची. ह्याला वेळ लागतो, लागू द्यावा. ह्या टप्प्यावर ऱ्हस्व-दीर्घावरून डोकं खाल्लं तर मूल लिहायचंच बंद करतं, मी तरी दुसरीत वेलांटीला फुली मारत नाही.

तिसरी. इथं मात्र मी पालकांना सावध करते, कारण तिसरी म्हणजे वाचायला शिकणं संपून वाचून शिकणं सुरू होण्याची जागा. वर्षअखेरीला मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचणं अपेक्षित आहे. वाचन अडखळत असेल तर मग परिसर अभ्यासही अडतो, गणितातली शाब्दिक उदाहरणं अडतात, आणि घरी वाटतं पोरगी गणितात कच्ची आहे. कच्ची नसते, तिला उदाहरण वाचताच येत नसतं. परिसर अभ्यास तिसरीला आपल्याच जिल्ह्याचा असतो, प्रत्येक जिल्ह्याचं पुस्तक वेगळं, हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. नकाशात आपला तालुका शोध, आपली नदी कुठून येते, जवळचा घाट कुठला, बाजार कुठल्या वारी, हे घरी जेवताना बोलता येण्यासारखं आहे.

आणि गणित. तिसरीत ह्या दिवसांत आमचा सगळ्यात जास्त वेळ खाते ती वजाबाकी. ४२ वजा १७. माझ्या वर्गात एक पोरगा आहे, दुकानावर बसतो, सुट्टे पैसे मोजण्यात कुणाला ऐकत नाही, आणि वहीत उत्तर लिहितो ३५. कसं रे? तर म्हणे सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. म्हणजे दोनातून सात जात नाहीत म्हणून त्यानं आपलं उलटं केलं, मोठ्यातून लहान काढला, आणि त्याच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. इथं लाल फुली मारून पुढं गेलं तर तो जन्मभर तसंच करणार. मग काड्या काढायच्या, दहा-दहाचे चार गठ्ठे रबर लावून आणि दोन सुट्या. 'सतरा दे मला.' त्यानं एक गठ्ठा दिला, दोन सुट्या दिल्या आणि थांबला. 'अजून पाच राहिल्या की.' हात दुसऱ्या गठ्ठ्यावर, पण देईना, कारण दिला तर दहा जातात. शेवटी माझ्याकडे बघत बघत रबर काढलं, पाच मोजून दिल्या, आणि पुढ्यात राहिले दोन गठ्ठे आणि पाच सुट्या. 'पंचवीस!' असा ओरडला की शेजारच्या वर्गातले सर डोकावले. आता ह्यानंतर वहीत चाराच्या डोक्यावर तीन आणि दोनाच्या जागी बारा लिहायचं म्हणजे काय ते त्याला कळलं, पण ह्या सगळ्या खटाटोपात त्या दिवशी वहीत गणितं झाली चार. घरी वही बघणाऱ्याला चारच गणितं दिसणार.

ह्यात आपल्या संख्यावाचनाचाही वाटा असतो. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो म्हणून काही मुलं ५२ लिहितात, आणि एकोणतीस ऐकलं की शेवटी तीस आहे म्हणून सरळ ३९. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, विधानसभेपर्यंत विषय गेला, खूप चेष्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या आणि त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मुलांना सोपं जातं. माझं मत विचाराल तर दोन्ही वापरा, पंचवीस म्हणजे वीस आणि पाच असं रोज दोनदा तोंडातून गेलं तर अर्ध्या चुका आपोआप जातात, त्यात मराठी बुडत नाही.

आता तुमच्या मुख्य रागाचं, कार्यक्रमांचं. हो, ह्या काळात ते जास्त असतात हे खरंय. ५ सप्टेंबर शिक्षक दिन, मग पोषण माह, नवरात्रात भोंडला, दसऱ्याआधी पाटीपूजन, २ ऑक्टोबर, १५ ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन आणि त्याच तारखेला जागतिक हात धुवा दिन, म्हणजे पोरं आधी साबणानं हात धुतात आणि ओल्या हातानं पुस्तकं धरतात. दिवाळीनंतर ७ नोव्हेंबरचा विद्यार्थी दिवस, बाबासाहेब १९०० साली ह्या तारखेला साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले म्हणून, मग १४ नोव्हेंबर, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन. ह्यातले काही नुसते फोटोसाठी होतात हे मी नाकारत नाही. वरून मेसेज येतो, आज अमुक घ्या, पाच फोटो टाका, लिंक भरा, आणि लिंक भरेपर्यंत एक तास गेला. त्याचा त्रास तुमच्यापेक्षा आम्हाला जास्त होतो, शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं, ते कुठून आणायचं ते आमचं आम्हाला माहीत.

पण भोंडल्याला नावं ठेवू नका. आमच्याकडे पाटावर हत्ती काढून पोरी (आणि पोरंही, आता सगळे येतात) फेर धरतात आणि शेवटी खिरापत ओळखायची असते. खिरापत ओळखणं म्हणजे प्रश्न विचारणं. गोड की तिखट, ओलं की कोरडं, तळलेलं की भाजलेलं, घरात करतात की विकत आणतात. प्रश्न विचारता येणं हे भाषेत सगळ्यात अवघड आणि वर्गात सगळ्यात कमी होणारं काम आहे, कारण वर्गात प्रश्न नेहमी बाई विचारतात. जून महिन्यापासून तोंड न उघडलेली एक मुलगी भोंडल्यात 'त्यात शेंगदाणे आहेत का' असं विचारते तेव्हा माझ्या निरीक्षण नोंदीत ते जातं, आणि पुढच्या दिवशी तिसरी-चौथीला तेच प्रश्न वहीत लिहायला देते. ह्यालाच आकारिक म्हणतात.

दसऱ्याचंही तसंच. पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायची, पहिलीच्या मुलांना १ गिरवायला ह्यापेक्षा मजेशीर कारण नाही. आपट्याचं पान आणि कांचनाचं पान शेजारी ठेवायची, दोन्ही दोन कानांची दिसतात, बाजारात कांचनच आपटा म्हणून खपतो, पण आपट्याचं पान लहान आणि आडवं पसरट, कांचनाचं मोठं. पट्टीनं मोजा, वहीत छाप घ्या, फांद्या मात्र तोडायच्या नाहीत. झालं परिसर अभ्यास आणि लांबी मोजणं दोन्ही.

आणि पोषण आहाराच्या खिचडीत पण गणित आहे. पहिली ते पाचवीला रोज डोई १०० ग्रॅम तांदूळ. सकाळी परिपाठ झाला की चौथीची दोन मुलं सगळ्या वर्गांची हजेरी घेऊन फळ्यावर मांडतात आणि आज तांदूळ किती ते काढून स्वयंपाकाच्या ताईंना सांगतात. ३४ हजर, म्हणजे ३ किलो ४०० ग्रॅम. चुकलं तर ताईच परत पाठवतात, 'बाळा, ३४ किलो शिजवू का?' परसबागेत पावसाळ्यातला दोडका-भेंडी संपत आली की ह्याच दिवसांत मेथी, पालक, कोथिंबिरीचे वाफे पडतात, ओळीत किती बिया, किती दिवसांनी उगवलं, हे मुलं लिहून ठेवतात. हे तुम्हाला वहीत दिसणार नाही, वर्गाच्या भिंतीवर चिकटवलेलं दिसेल, एकदा येऊन बघा.

आता एक गोष्ट जी शहरातल्या पालकांना माहीत नसते आणि मला मात्र ऑक्टोबर म्हटलं की आधी तीच आठवते. सोयाबीन काढणीला आलं की मराठवाड्यात वर्ग निम्मा होतो, पाठोपाठ कापूस वेचणी, मोठी बहीण लहान भावाला सांभाळायला घरी. आणि दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, ट्रकमध्ये संसार आणि पोरं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, परत यायचं ते उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणजे ज्या महिन्यांत दुसरीचं मूल जोडाक्षरं पकडणार आणि तिसरीचं मूल वजाबाकी समजणार नेमके तेच महिने ते उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. ह्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, मूल गावातच आजीकडे किंवा नातेवाइकांकडे राहतं आणि जेवणाची सोय शाळेमार्फत होते, आणि जी मुलं जातातच त्यांच्यासोबत शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं म्हणजे तिकडच्या शाळेत त्यांना बसता येतं. कागदावर चांगलं आहे. प्रत्यक्षात टोळी एका रात्रीत निघते, मुलं सकाळी हजेरीला नसतात तेव्हा कळतं. त्यामुळे दसऱ्याच्या आधीच घरोघर फिरून आजीला पटवायचं हे तिकडच्या शिक्षकांचं ह्या दिवसांतलं खरं काम, ते कुठल्याच टाइमटेबलात नसतं. तुमच्या ओळखीत, शेतावर, बांधकामावर असं कुणी कुटुंब उतरलं असेल तर एवढंच करा, जवळच्या शाळेत नेऊन मुलांना बसवा. दाखला नाही, आधार नाही म्हणून शाळेला नाही म्हणता येत नाही, वयानुरूप वर्गात घ्यावंच लागतं.

परत तुमच्या घरी येते. दिवाळीची सुट्टी. आम्ही सुट्टीचा अभ्यास देतो तो बहुतेक घरी शेवटच्या रात्री आईच्या अक्षरात पूर्ण होतो, हे आम्हाला कळतं बरं का. त्यापेक्षा किल्ला करू द्या. चौथीला अख्खं पुस्तक शिवछत्रपतींचं असतं आणि दिवाळीच्या सुमाराला वर्गात अफजलखान, पन्हाळा, पावनखिंड हेच चाललेलं असतं, त्यामुळे चौथीचा दादा किल्ल्याचा मुख्य असतो. तुमची तिसरीतली आहे ना, तिला पाट्या लिहायला द्या, 'महादरवाजा', 'पाण्याचं टाकं', 'बालेकिल्ला', 'इथे पाय ठेवू नये'. जोडाक्षरंसुद्धा हौसेनं लिहिली जातात. पहिलीतल्याला मावळे मोजून दहा-दहाच्या रांगा करायला सांगा. रोज झोपताना एक पानभर गोष्ट, एक दिवस तुम्ही वाचा एक दिवस तिनं. बास. एवढं झालं तरी सुट्टीनंतरचा पहिला आठवडा आमचा वाचतो, नाहीतर शाळा उघडली की मुलं जोडाक्षरं विसरून आलेली असतात आणि आम्ही परत मागच्या पानावर.

संकलितचं विचारलंय म्हणून सांगते. दिवाळीच्या आगेमागे जी संकलित-१ होते तिचे प्रश्न, विशेषतः तिसरीपासून पुढे, आता राज्यस्तरावरून येणाऱ्या पॅट, म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणीतून येतात, भाषा, गणित आणि इंग्रजी. त्यात पाठ करून लिहायचं फार नसतं, उतारा दिलेला असतो आणि त्यावर प्रश्न. म्हणजे गाईड घेऊन उपयोग शून्य, वाचता आलं की झालं.

ट्यूशन लावायच्या आधी दहा मिनिटं हे करून बघा. मुलीसमोर तिनं कधी न वाचलेला एखादा साधा उतारा ठेवा, वर्तमानपत्राची मुलांची पुरवणी चालेल. मोठ्यानं वाचू द्या, मध्ये टोकू नका. मग पुस्तक बंद करून विचारा काय झालं गोष्टीत, तिच्या शब्दांत. मग ४२ वजा १७ द्या, आणि उत्तर बरोबर येवो की चूक, 'कसं केलंस' हे विचारा. वाचन सरळ आणि गोष्ट सांगता आली तर ट्यूशनचे पैसे वाचवा आणि त्याची गोष्टीची पुस्तकं आणा. वाचताना प्रत्येक शब्दावर बोट ठेवून अक्षर-अक्षर जोडत असेल तर तिथंही आधी ट्यूशन नको, आधी वर्गशिक्षकांना भेटा, कारण गल्लीतली ट्यूशन म्हणजे बहुतेक वेळा परत फळ्यावरचं उतरवणंच.

आणि सुट्टीनंतर पालक सभेत प्रगतिपत्रक हातात देतील त्यात अ-२ किंवा ब-१ अशी श्रेणी असेल, ती बघून घरी येऊ नका, श्रेणीवरून काहीच कळत नाही. बाईंना सरळ विचारा की माझी मुलगी शब्दावर आहे, वाक्यावर आहे की परिच्छेदावर, हातच्याची वजाबाकी तिला काड्यांशिवाय येते का, आणि वर्गात ती स्वतःहून प्रश्न विचारते का. ह्या तिन्हीची उत्तरं बाईंच्या नोंदवहीत असायला हवीत. तुमच्या मुलासाठी एवढंच विचारा की कितव्या अक्षरगटावर आहे.